दूध कुणाचं, कोकरू कुणाचं

कोकरू गरीब असतं असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्यानं कोकरू कधी हातात धरलेलं नसणार. आमच्या घाटनांदूरच्या बाजारात जरा मऊ बोलणारा माणूस दिसला की लोक लगेच म्हणतात, बिचारं कोकरू हाय. शाळेतल्या बाई म्हणतात, आमच्या सोयऱ्यांतले लोक म्हणतात. मी लिंगायत वाणी. मेंढरं पाळली नाहीत, मटणाचा वास घरात कधी शिरला नाही. तरी एवढं मला ठाऊक आहे की कोकरू कासेला ढुशी मारतं तेव्हा मेंढीचे मागचे पाय जमिनीवरून उचलले जातात. हे मला छबुबाईनं दाखवलं होतं.

"गरीब न्हाई ओ अप्पा, उपाशी असतंय," ती म्हणायची. "लोकांला दोनी सारखंच दिसतंय."

छबुबाई गावाबाहेरच्या धनगरवस्तीतली. उंच, काटक, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा भाजीवाला मान वळवायचा. नवरा लवकर गेला. मेंढरं तिनंच राखली, वाढवली, मुलगा आणि मुलगी दोघांची लग्नं तिनंच लावली. माझं दुकान काष्ठौषधींचं, वडील गुरुलिंगअप्पांनी घातलेलं. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, सागरगोटे, अशी पोती. छबुबाई डोंगरातून मेडशिंगीच्या शेंगा आणून द्यायची. एडक्याच्या शिंगासारखी वाकडी शेंग, म्हणून झाडाचं नाव मेडशिंगी. अंबाजोगाईचे एक वैद्य मात्र दर खेपेला माझ्याशी वाद घालत की ग्रंथातली मेषशृंगी म्हणजे हे झाड नव्हेच, ती एक वेल आहे, पान चावलं की साखर गोड लागत नाही ती. मी दोन्ही ठेवायचो आणि दोन्ही खपायचं.

आणखी एक वस्तू तिच्याकडून यायची. कोकराची पहिली लोकर. तिला धनगर जावळ म्हणतात, आपण बाळाच्या पहिल्या केसांना म्हणतो तसंच. रेशमासारखी मऊ. बाळंतिणीच्या घरची माणसं थंडीत ती मागायला येत, बाळाच्या कानावर ठेवून वरून टोपडं बांधायला. पुढं पुढं ती मागणीही आटली. टीव्हीवर केबल आली, कोपऱ्यावर फोनचा बूथ झाला, बाजारात हरियाणाकडची स्वस्त ब्लँकेटं आली आणि वस्तीतले घोंगड्यांचे माग एकेक करून बंद पडले. तरी छबुबाईचं नाव पंचक्रोशीत होतं, ते वेगळ्याच कामासाठी.

मेंढी व्यायली आणि तिचं कोकरू मेलं, किंवा कोकरू जगलं आणि मेंढी मेली, की लोक छबुबाईला बोलवायचे. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही. वास घेते आणि टक्कर देऊन उडवते. छबुबाई मेलेल्या कोकराचं कातडं सोलून घ्यायची आणि ते पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायची, आपण लहान मुलाला स्वेटर घालतो तसं. मग अंधाऱ्या कोपऱ्यात मेंढीजवळ सोडायची आणि स्वतः बाजूला बसून राहायची. मेंढी हुंगायची, घोटाळ्यात पडायची, आणि शेवटी पान्हा सोडायची. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकलं तरी चालायचं. तोवर कोकराच्या लेंड्यांनासुद्धा त्या मेंढीच्या दुधाचा वास लागलेला असायचा. हे सगळं मी एकदा पाहिलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. घरात बायकोनं, शांतादेवींनी, कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.

अशा कोकरांवरून भांडणंही व्हायची. एकदा म्हाळू धनगराचं पोरकं कोकरू दुसऱ्या कळपातल्या मेंढीला लावलं होतं. ते मोठं झाल्यावर त्या कळपाचा मालक परत देईना. माझ्या मेंढीचं दूध प्यालंय, म्हणाला. माझ्या दुकानासमोरच बाचाबाची झाली, काठ्या उचलायची वेळ आली. छबुबाई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"कान बघा त्याचा," ती म्हणाली. "कानाची खूण कुणाची हाय? म्हाळूची. दूध कुणाचं बी असू द्या, कोकरू ज्याच्या मेंढीच्या पोटचं त्याचंच. दुधावर मालकी सांगाय लागलाव तर उद्या कुणी कुणाच्या कोकराला आपली मेंढी लावून देणार न्हाई. मरतील की सगळी."

बोलणं बिनतोड होतं. लोकांनी माना डोलावल्या, कोकरू म्हाळूकडं गेलं. तेव्हापासून कुठंही असा तंटा झाला की लोक म्हणायचे, छबुबाईचा न्याय हाय, कान बघा. तिला त्याचा अभिमान होता. का नसावा? बाईमाणसाच्या शब्दावर चार पुरुष उठून जातात, असं आमच्याकडं रोज थोडंच घडतं.

ब्याण्णव साली तिची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरात सून मथुरा, लेक बंकटची बायको, तिचेही दिवस भरत आले होते. छबुबाई दुकानात येऊन डिंक, सुंठ, खारीक, सगळं दुप्पट घेऊन गेली. जाताना मोठ्यानं हसत होती. मथुरा आधी बाळंत झाली, मुलगा झाला. आठवडाभर बरा होता. मग त्यानं अंगावर ओढणं सोडलं आणि गेला. त्याची माती होते न होते तोच शेवंताला कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं, बंकटनं स्वतःचं रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शेवंता गेली.

दहावं झाल्यावर छबुबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"अप्पा, टाकं घालायचा धागा असतो न्हवं, त्यो मेंढराच्या आतड्याचा करतेत म्हनं. तिथल्या नर्सबाईनं सांगितलं. पोटातच इरघळून जातो." मग म्हणाली, "मेंढरानंच शिवली माझी लेक. तरी न्हाई टिकली."

ती रडत नव्हती. मी तिच्याखाली पोतं सारलं आणि ग्लासभर पाणी दिलं.

घरात आता तान्ही पोर होती आणि तिला दूध नव्हतं. डब्यातली पावडर ती ओकून टाकत होती, शेळीचं दूधही पचेना. त्याच घरात मथुरा भिंतीकडं तोंड करून पडून होती. छाती दुधानं दगडासारखी झालेली, वर फडकं आवळून बांधलेलं. छबुबाईनं मग तेच केलं जे तिला येत होतं. मेलेल्या नातवाची कुंची, ते डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं बाळाचं टोपडं, तिनं अजून धुतलं नव्हतं. ते नातीला घातलं. दुपारी मथुराला डोळा लागला होता, तेव्हा पोर तिच्या कुशीत सारली आणि स्वतः दाराशी बसली.

पुढचं मला खूप वर्षांनी मथुरानंच सांगितलं. तिला जाग आली ती कुंचीच्या वासानं. एक क्षण तिला वाटलं, आपलंच आलं परत. मग तिनं चेहरा पाहिला. सासूकडं बघून म्हणाली, "आत्या, मी काय मेंढी हाय व्हय?"

पोर तोंड उघडून शोधत होती. मथुरानं फडकं सोडलं.

पोर जगली. वस्तीत सगळे तिला कोकरूच म्हणत. पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मथुरानं हट्टानं तलाठ्याच्या मुलीचं नाव ठेवलं, संस्कृती. छबुबाईच्या जिभेला ते कधी वळलं नाही. ती म्हणायची, "सौंस्कुरती, आगं सौंस्कुरती," आणि आख्खी वस्ती हसायची. मथुराला पुढं मूल झालं नाही. पण कुणी तिला वांझ म्हणायची हिंमत केली नाही, कारण ही पोर दिवसभर तिच्या पदराला लोंबकळत असायची. बाजाराला दोघी येत. पोर माझ्याकडून ज्येष्ठमधाची काडी मागून घेई आणि चोखत चोखत म्हणे, "माय, चल की घरी." ती मथुराला माय म्हणायची. सांगायला हरकत नाही, त्या दोघींना बघून मला बरं वाटायचं.

पोरीचा बाप बिभीषण या काळात एकदाही फिरकला नाही. त्यानं दुसरं लग्न केलं, औरंगाबादला वाळूजच्या एका कारखान्यात लागला, कायमही झाला. पोर सात वर्षांची झाली आणि तो आला. पायात बूट, खिशाला पेन, सोबत चुलता आणि आणखी दोघं. म्हणाला, पोरगी न्यायची. शहरात इंग्रजी शाळेत घालायची.

बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली. मला बोलावलं होतं, वाणी म्हणजे कुणाच्याच बाजूचा नसतो म्हणून. बंकट मान खाली घालून बसला होता, त्याला आयुष्यात कधी दोन वाक्यं सलग बोलता आली नाहीत. मथुरा देवळाच्या खांबाला धरून उभी होती आणि पोर तिच्या मागं. मी म्हणालो, बाबांनो, पोरीला विचारा. बिभीषणाचा चुलता माझ्याकडं बघून नुसता हसला आणि छबुबाईकडं वळला.

"छबुबाई, तुमीच सांगा. आमी तुमचाच न्याय मागायला आलाव. दूध कुणाचं बी असू द्या, कोकरू कुणाचं?"

छबुबाई तोंडातला पदर काढून बराच वेळ जमिनीकडं बघत राहिली. मला अजून वाटतं, तिला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, तो कायदा मेंढरांचा होता. पण तिच्यालेखी तो मेंढरांचा नव्हता. तिच्यालेखी जगात एकच कायदा होता आणि तो तिनं चारचौघांत सांगितला होता. म्हाळूही तिथंच बसला होता. शिवाय ती इंग्रजी शाळा. आपल्या नातीला शेणात हात घालावा लागू नये हे तिलाही वाटत असणारच.

"ज्याचं त्याचं," ती म्हणाली. "घिऊन जावा, जावईबापू. पर साळंत घाला."

मथुरा ओरडली नाही. तिनं सासूकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तवा बी मला मेंढीच केलंत, आत्या, आन आता बी मेंढीच."

पोरीला जीपमधे बसवताना तिनं जो आकांत केला तो सांगण्यासारखा नाही. मी उठून चालू लागलो.

त्या दिवसापासून मथुरा सासूशी बोलायची बंद झाली. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, आजारात पाय चेपायची, पण तोंडातून शब्द नाही. छबुबाईसारख्या बडबड्या बाईला घरात मुकेपण सोसवेना. ती माझ्या पायरीवर जास्त वेळ बसू लागली. शेवटी एकदा तिनं मन घट्ट केलं, अंबाजोगाईहून एसटी धरली आणि वाळूज गाठलं.

परत आली ती थेट दुकानात. चेहरा असा की मी गिऱ्हाईक सोडून उठलो.

"अप्पा, साळंत न्हाई घातली तिला. एक दिस बी न्हाई. दोन पोरं हायेत त्या दुसऱ्या बायकूची, नवरा-बायकू दोगंबी कामाला जातेत, आन ही घरी पोरं सांबाळती. दार उघडलं तर कडंवर एक, हाताला एक. मला बगून रडली न्हाई बगा. म्हणली, आज्जी, मायला सांगू नको. मायला सांग, म्या साळंत जाते."

"मग? आणायची की उचलून," मी रागानं म्हणालो.

"कोणत्या तोंडानं आणू? म्याच सांगितलं न्हवं, ज्याचं त्याचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "अप्पा, तुमी इंग्रजी शिकलेले. कोकराला इंग्रजीत काय म्हणतेत?"

"लॅम," मी म्हणालो. "कावून?"

तिनं दोन-तीनदा तो शब्द घोळवला आणि घरी गेली. घरी जाऊन तिनं मथुराला सांगितलं, सौंस्कुरती साळंत जाती, दोन येण्या घालती, इंग्रजी बोलती. मथुरा पाठ करून भाकरी थापत होती. छबुबाई म्हणाली, "कोकराला लॅम म्हणती." मथुराचा हात थांबला. "काय म्हणती?" तिनं विचारलं. किती दिवसांनी सून बोलली होती! छबुबाईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

झालं, मग ते लागलंच. दर बाजारच्या दिवशी छबुबाई यायची आणि एक शब्द घेऊन जायची. मेंढीला काय, दुधाला काय, डोंगराला काय. वर सांगायची की फोनच्या बूथवर पोरीशी बोलून आले. शब्द द्यायला मला नको वाटायचं आणि न द्यायलाही नको वाटायचं. सासू-सुना पुन्हा बोलू लागल्या होत्या. रात्री निजताना मथुरा म्हणे विचारायची, "आत्या, आज काय म्हणली ती?" अशी दोन-अडीच वर्षं गेली.

मग एका बाजारी दोघी मिळून आल्या. मथुरानं नवं लुगडं नेसलं होतं. माझ्यापुढं उभी राहून ती एकेक शब्द म्हणू लागली. लॅम, शीप, मिल्क, हिल. अगदी माझ्यासारखे, माझ्याच चुकीच्या उच्चारांसकट. मी मान खाली घालून ओव्याची पुडी बांधत राहिलो.

"आमच्या पोरीनं शिकवलं," मथुरा म्हणाली. "अप्पा, खरं सांगू? म्या तिला आणायला जाणार हुते औंदा. भावाला बी तयार केलतं. कोर्टात जायचं तर जाऊ म्हणलं हुतं. पर आता इतकं शिकती, तर कावून तिला ह्या शेणात वडून आणू? सोडला इचार. शिकू दे तिला."

मी छबुबाईकडं पाहिलं. ती पायरीवर बसली होती. तिचा चेहरा पार पांढरा पडला होता. मला वाटलं ही आता काहीच बोलणार नाही, अडीच वर्षांपूर्वी परत मिळालेली सून ही कशाला घालवील? पण ती भिंतीला धरून उठली.

"मथुरा, पोरगी साळंत न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हवती. पोरं सांबाळती ती. हे सबुद ह्या अप्पाचे हायेत. तू जा. आजच जा. म्या चुकले त्या दिवशी बैठकीत. दूध ज्याचं त्याचीच हुती ती."

भर बाजारात, मोठ्या आवाजात बोलली. भाजीवाल्यांनी माना वळवल्या. मथुरा तिच्याकडं बघत राहिली. मग हातातली पिशवी तिथंच ठेवून एसटी स्टँडकडं निघून गेली.

चौथ्या दिवशी परतली. एकटी. दुकान उघडत होतो तेव्हाच येऊन पायरीवर बसली. मी पाणी दिलं.

"भेटली?"

"भेटली. लई मोठी झालीय. माज्या खांद्याला लागती." तिनं पाण्याचा ग्लास हातातच धरून ठेवला. "कुणीच अडवलं न्हाई, अप्पा. बाप म्हणला, यायची आसंल तर घिऊन जा. म्या तिला म्हणलं, चल. तिनं कपडे भरले. तेवड्यात धाकटं उठलं झोपंतून. रडाय लागलं आन तिच्या गळ्याला पडलं, सोडंचना. तिला माय म्हणतंय ते." मथुरानं ग्लास खाली ठेवला. "म्हणली, माय, म्या आले तर ह्याला कोण बगंल? ह्याची आई लई मारती."

"मग?"

"मग काय. पिशवी खाली ठिवली तिनं. माज्या पाया पडली. म्या काय म्हणणार? म्याच वाडवलीय की तिला."

मला वाटलं आता सासू-सुनेचं कायमचं तुटलं. तसं झालं नाही. मथुरा घरी गेली तेव्हा छबुबाई दाराशी बसून होती. मागं कुणी येतंय का ते तिनं वाकून पाहिलं, कुणी नव्हतं. मथुरा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि त्या दिवशी त्या दोघी मिळून रडल्या, शेवंतासाठी, पोरीसाठी आणि त्या आठवडाभराच्या मुलासाठी, ज्याच्यासाठी रडायला कुणी सवडच दिली नव्हती. हे बंकटनं मला सांगितलं, आणि त्याच्या तोंडून दोन सलग वाक्यं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

छबुबाई त्यानंतर दीडेक वर्ष होती. मेंढ्यांना कोकरं लावून द्यायला लोक बोलवायचे, ती जायची नाही. हात कापतात, म्हणायची. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गेलो. तिनं मला ओळखलं, जवळ बोलावलं. मला वाटलं नातीला निरोप द्यायचा असेल.

"अप्पा," ती म्हणाली, "त्या पोराचं नाव काय ठिवणार हुती मथुरा? म्या तिला कवा इचारलंच न्हाई."

मथुरा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. हातातलं काम टाकून ती सासूच्या उशाशी आली, खाली वाकली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. छबुबाईनं ते नाव ओठांनी एकदा म्हणून पाहिलं.